खाजणातली पकड

रत्नागिरी, १२ जानेवारी २०२५

चि. तेजल हिस आत्याचा आशीर्वाद आणि जयभीम.

तुझा नकाशा मिळाला. मोबाइलवर मी असलं काही वाचत नाही. पत्रानेच उत्तर दे. खाडीकाठच्या आपल्या वाचनालयाला तू सोळा मीटर खोल खांब सांगतेस. कशाला? तुझी मातीची तपासणी झाल्यावर वाडीतल्या साठ घरांनी महिनाभर श्रमदान करून दलदलीच्या खाजणावर कमरेइतका जांभ्या दगडाचा भराव घातला. कल्पना माझी. जमीन आता टणक आहे. शेजारचे बाबाजीभाऊ विचारतात, तुमची भाची इमारत बांधते की विहीर खणते? वैशाखी पौर्णिमेला उद्घाटन ठरलंय. खांब आखूड कर.

वेळेवर जेव. लोभ आहेच, मागावा लागणार नाही.

करुणाआत्या

ठाणे, २० जानेवारी

ती. आत्यास सप्रेम जयभीम.

रागावू नकोस, पण भरावाआधी मला विचारायला हवं होतंस. खाली तेरा मीटर मऊ चिकणमाती आहे, मग कातळ; खांबाचे शेवटचे तीन मीटर त्यात. मातीची पकडही खांबाला वर धरून ठेवील, असं माझं गणित होतं. आता भरावाच्या ओझ्याने ती माती वर्षानुवर्षे दबत जाईल आणि पकड न सोडता खांबालाच खाली ओढील. भराव काढा, मी इमारत खांबांवर उंच उचलते. पटत नसेल तर भरावाच्या तळाशी पत्र्यावर सळई उभी कर आणि भरावापलीकडच्या उघड्या कातळाशी तिच्या टोकाची पातळी गवंड्याच्या पाण्याच्या नळीने रोज मोज.

तुझ्या रागासकट माया असू दे.

तेजल

रत्नागिरी, ६ एप्रिल

चि. तेजल हिस आशीर्वाद आणि जयभीम.

मोजलं. पंधरा दिवसांत सळई तेवीस मिलिमीटर खाली गेली. वर उभं राहून काही कळत नव्हतं. ना आवाज, ना भेग. बत्तीस वर्षं भूगोल शिकवला, पण पायाखालची जमीन चाललेली पहिल्यांदा पाहिली.

सभेत उभी राहिले, चूक माझी म्हणून सांगितलं. वाडीतल्या सखूवहिनी म्हणाल्या, "बाय, घातलाव आमी, काढू पन आमीच. तुमी गप मोजत ऱ्हावा."

परवा भरावाचं शेवटचं घमेलं निघालं. उद्घाटन पुढच्या वर्षी. खांब कातळातच ने. काल मोजलं तर सळई सहा मिलिमीटर वर आलेली. पुन्हा मोजलं, तेवढंच. ओझं उतरल्यावर खाजणाने श्वास घेतला होता. बघायला सगळी वाडी जमली. बाबाजीभाऊंनी विहारात शिरताना काढाव्यात तशा चपला काढून बाजूला ठेवल्या. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

चुकेन तिथे असंच खडसावत जा. लोभ त्याने कमी होत नाही.

करुणाआत्या