लष्करी दर्जाचा शिक्का

१८ जानेवारी
मान-लिंगला करंडक! कंपनीच्या चांद्र वर्षअखेरच्या जेवणात, सगळ्यांसमोर, मालकांच्या हातून. कशासाठी? तर संगणकाच्या मदरबोर्डच्या खोक्यावर ‘लष्करी दर्जा’ असं छापायची कल्पना तिची. तैपेईच्या बाजारात विक्री दुप्पट झाली म्हणे. कॉलेजात ही माझ्या दोन वर्षं मागे, माझ्याच वह्या उतरवून पास झाली. इथे प्रयोगशाळेत अकरा महिने ते बोर्ड तापवले, गारठवले, हादरवले मी — माझं नाव कुणी घेतलं? टाळ्या मीही वाजवल्या. आतून नुसता जळफळाट.

२० जानेवारी
तिने नवा कोट घेतलाय. पिवळा. शोभतो मेलीला!

२१ जानेवारी
लष्करी दर्जा म्हणजे काय, ते मला विचारा ना! कुठल्याही सैन्याने आमचा बोर्ड पाहिलेलासुद्धा नाही. चाचण्यांची यादी लांबलचक. त्यातल्या कुठल्या घ्यायच्या ते आम्हीच ठरवायचं. आम्ही चार घेतल्या. पेपर आपला, परीक्षा आपली, तपासणारेही आपणच.
नवऱ्याला सांगितलं तर हसत सुटला. “अगं, मी सैन्यात होतो तेव्हा पलटणीतला आमचा संगणक कुणी शिंकलं तरी बंद पडायचा! तोच लष्करी दर्जा असेल.”

२३ जानेवारी
हादरे द्यायचं मशीन सकाळपासून बंद. मान-लिंग आली. “ताई, रुसलंय का गं?” म्हणत त्यावर खाऊचं हिरवं पाकीट ठेवून गेली. पाकीट असलं की मशीन शहाण्यासारखं वागतं, हे आमच्याकडे मालकही मानतात. आणि मेलं चालू झालं की लगेच! पोरं तिचंच कौतुक करत बसली. सगळे जेवायला गेल्यावर मी ते पाकीट फोडून खाल्लं. असं कुणी करत नाही. मी केलं.

२४ जानेवारी
लिहिलं! संगणकवेड्यांच्या ऑनलाइन मंचावर, टोपणनावाने. कंपनीचं नाव, चार चाचण्या, सगळं. शब्द न् शब्द खरा. पण सत्यासाठी नाही लिहिलं — तिचं तोंड उतरलेलं बघायचंय. वहीशी कशाला खोटं बोलू?

२६ जानेवारी
नऊशे प्रतिसाद! गिऱ्हाइकं चिडलीत, मालक त्यांच्याहून. शिक्का काढून टाकायचा हुकूम निघाला. तिचं तोंड एवढंसं झालं होतं. डबा पोटभर जेवले.

२७ जानेवारी
मान-लिंग जिन्यात रडत बसली होती. म्हटलं, करंडक काही परत मागणार नाहीत, गप.
“करंडक गेला खड्ड्यात, ताई! मागच्या वर्षी तुमची प्रयोगशाळा बंद करायला निघाले होते. नुसता खर्च आहे म्हणाले. तुला नाही सांगितलं, उगाच घोर लागला असता. म्हणून तर मी त्या शिक्क्याची शक्कल लढवली! शिक्का मारायचा तर चाचण्या लागणार, आणि चाचण्यांना तू लागणार. आता काय सांगू मालकांना?”
मी तिच्या शेजारी बसून राहिले.

२९ जानेवारी
प्रयोगशाळेला कुलूप लागलं. आम्ही सहाही जण घरी. मंचावर लिहिणारं कोण, ते तिला ठाऊक नाही — सकाळपासून माझ्या नोकरीसाठी ओळखीत फोन करतेय.