लोणीच्या मावशींचा फॉर्म

बाई, तुमच्या दारावरची पाटी नव्या भाडेकरूंनी काढून टाकली. "बेल एकदाच वाजवावी. आम्ही बहिरे नाही." दर दसऱ्याला तुम्ही स्टुलावर चढून तिची अक्षरं पुन्हा रंगवायचात आणि मी खाली रंगाचा डबा धरायचो. दहावीला दोनदा आपटलेल्या मला शनिवार पेठेतल्या त्या घरात कायम मुभा होती. मी महिना महिना गायब असायचो. उगवलो की तुम्ही चष्म्यावरून बघायचात. "या. आम्हाला वाटलं, आपण संन्यास घेतलात." मग पोहे.

त्या वर्षी अणुकचरा जमिनीत कुठे नि कसा ठेवायचा, याच्या मसुद्यावर सरकारी कचेरीने नागरिकांच्या सूचना मागवल्या होत्या. तुमच्या स्वयंपाकघरात चार निवृत्त शिक्षक बसलेत, विळीशेजारी कागदांचा ढीग, आणि तुम्ही म्हणताय, "नागरिक म्हणजे आपण पेन्शनवालेच का? हा कचरा काय लक्ष्मी रोडवर पुरणार आहेत? ज्यांच्या शेताखाली जाईल, त्यांना विचारा." माझ्या हातात तीस फॉर्म आले. प्रश्न एकच: असा कचरा तुमच्या गावाजवळ ठेवायचं ठरलं, तर आधी काय विचाराल? "लोणी काळभोरला जा," तुम्ही म्हणालात. "तुला निदान बोलता तरी येतं."

मी गेलो, बाई, खरंच गेलो. पहिल्याच घरातले काका म्हणाले, "कचरा? पुण्याचा आणून टाकलाय, त्यो कमी हाय व्हय?" ते मी शब्दन् शब्द उतरवून घेतलं. तीन फॉर्म झाले आणि पुढच्या वळणावर बोअरची गाडी दिसली. पांढरी धूळ उडतेय, भोवती गर्दी, पाणी लागणार की नाही यावर वाद. सहज थांबलो तो चार वाजेपर्यंत. मग हॉटेलात चहा घेत पंधरा फॉर्म मीच भरले, काही डाव्या हाताने, काही दुसऱ्या पेनने. उरलेले कोरेच पिशवीत राहिले. एका फॉर्मवर लिहिलं: बाई माणूस, वय साठ, काम शेती. "पुरायचं तर पुरा. पण तिथं धोक्याची पाटी लावाल, ती पुसली की कोण रंगवणार? त्या घराचं नाव आधी सांगा."

तो फॉर्म तुम्ही दोनदा वाचलात. चष्मा काढलात. "जन्मभर फिजिक्स शिकवलं, मला नाही हे सुचलं. कोण रे या मावशी?" तुमचीच पाटी होती ती, तुम्हाला ओळखू आली नाही. 'डोकं आहे, पण भाड्याने दिलंय' असं माझ्याबद्दल म्हणायचात तुम्ही. पहिल्यांदाच माझ्या डोक्याचं कौतुक होत होतं आणि मला ते घेता येत नव्हतं.

मावशींचं म्हणणं तुम्ही सूचनांत सगळ्यात वर घातलंत. कचेरीतल्या बैठकीत तिथले साहेब हसले. "मॅडम, असं पुष्कळजण लिहून आणतात. या मावशींनाच पुढच्या वेळी घेऊन या की." तुम्ही माझ्याकडे वळलात. तेव्हा बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "त्या लेकीकडे गेल्यात. बार्शीला." पुढच्या बैठकीत तुम्ही एकट्याच उभ्या राहिलात, आणि साहेबांनी सगळेच फॉर्म बाजूला सारले. त्या काकांचासुद्धा. रिक्षात तुम्ही एवढंच म्हणालात, "लेकीकडे सुखात असू देत बिचाऱ्या." त्याच थंडीत तुम्ही गेलात. मी तेव्हा गोव्यात भटकत होतो.

इतक्या वर्षांनी, मागच्या महिन्यात, ते कोरे फॉर्म घेऊन लोणीला गेलो. कचेरीची मुदत कधीच उलटलीय, ठाऊक होतं. तेच काका ओसरीवर, आता काठी टेकून. त्यांनी मला ओळखलं नाही. "मागं बी एक पोरगा लिवून घेऊन गेला," ते म्हणाले, "परत तोंड दावलं न्हाई. तुला कुणी धाडलं?"

"आमच्या बाईंनी."

"मग त्यास्नीच घेऊन ये की. त्यास्नी सांगतो."

"त्या लेकीकडे गेल्यात," मी म्हणालो. तोंडातून आपसूक निघालं.

तुम्हाला लेक नव्हती, बाई. फॉर्म कोरेच परत आणले. त्यातल्याच एकाच्या मागे हे लिहितोय, आणि पुन्हा त्याच पिशवीत ठेवणार आहे.