बॅनरवरचा चेहरा

२ नोव्हेंबर
ग्रामपंचायतीला उभा राहतोय. गेल्या वेळी सुनिलकडून थोडक्यात पडलो. या वेळी सोडत नाही. बॅनर लागले! तलासरीच्या फोटोवाल्या प्रविणने फोटो असा केलाय की मीच मला दोनदा बघितलं. गालांवरचे वांग गायब, रंग गोरापान. बुधीआजी बॅनरखाली उभी राहून विचारत होती, यो कोन, मुंबईचा काय? मी शेजारीच होतो. बायको जयश्री म्हणते बॅनर बदला. बायकांना दूरदृष्टी नसते. बॅनर तसाच. चेहरा बदलायचा.

४ नोव्हेंबर
डहाणूला स्किनच्या डॉक्टरीणबाईंकडे. म्हणाल्या, नुसत्या लेझरने डाग परत येतात, नुसत्या क्रीमला फार वेळ लागतो, दोन्ही एकत्र करू. म्हणजे युतीच! बाई राजकारणात हव्या होत्या. आधी रात्री क्रीम, वाटाण्याएवढं. दिवसा सनस्क्रीन. मग हलका लेझर. ऊन बंद. फरक दिसायला काही महिने. मतदान ५ डिसेंबरला आहे हे सांगितलं नाही. उगाच टेन्शन घेतलं असतं.

८ नोव्हेंबर
माझ्या चेहऱ्याला वाटाणा काय पुरणार? चिकूएवढं लावलं.

९ नोव्हेंबर, सकाळ
चेहरा लालबुंद. आग आग. म्हणजे काम सुरू. जयश्री म्हणाली डॉक्टरांना फोन करा. घरातच विरोधी पक्ष.

१५ नोव्हेंबर
क्रीमला थोडी सुट्टी. आग थांबली. ऊन नको म्हणून प्रचार अंधार पडल्यावर, तोंडाला जयश्रीची ओढणी. शुक्राच्या पाड्यावर कुत्री मागे लागली. शुक्रा काठी घेऊन आला, आवाज ओळखून चहा दिला. त्याने पाण्याच्या टाकीचं विचारलं. म्हटलं, चेहरा होऊ दे. सुनिल भर उन्हात दारोदार फिरतोय. वांग येतील त्याला.

२४ नोव्हेंबर
बाईंनी विचारलं, क्रीम सांगितलं तेवढंच लावलं ना? म्हटलं, शंभर टक्के. लेझर झाला. रबरबँड फटकारल्यासारखं वाटतं. मजा आली. उन्हात गेलात तर डाग आधीपेक्षा काळे होतील म्हणाल्या. सगळ्यांनाच सांगत असतील.

१ डिसेंबर
टेम्पोतून मिरवणूक, भर दुपारी. दाखवायचाच नाही तर चेहरा केला कशाला? सनस्क्रीन घरी राहिलं. पण एक ढग होता.

४ डिसेंबर
डाग परत आले, नातेवाईक घेऊन. मधे मधे गुलाबी. बाथरूमचा बल्ब बदलला. बल्बचा दोष नव्हता.

५ डिसेंबर, दुपार
मतदान केंद्रावरच्या मॅडमनी ओळखपत्र बघितलं, मला बघितलं, पुन्हा ओळखपत्र. म्हटलं, अहो मी उमेदवार आहे, नाक्यावर बॅनर आहे माझा. रांगेतला शुक्रा म्हणाला, बॅनरवरचा माणूस वेगळा आहे. त्याने मला ओढणीशिवाय गेल्या महिनाभरात बघितलंच नव्हतं. मागचे लोक हसायला लागले. सुनिल आतच होता. पुढे येऊन म्हणाला, मॅडम, हा गोविंदच, शाळेपासून ओळखतो, मत देऊ द्या त्याला.
मशीनपुढे बराच वेळ उभा राहिलो. अख्ख्या वॉर्डात मला ओळखणारा एकच माणूस निघाला. मत त्यालाच दिलं.