वरून बोलावणं

८ एप्रिल १९९६, सोमवार
आज सीझन सुरू. बेसबॉलचा कॅचर म्हणून माझं हे बारावं वर्ष, वॉटकिन्स फेरी या गावातलं चौथं. इथून वर एकच पायरी, मेजर लीग. वय तेहतीस. पण कॅचर तिशीनंतरच मुरतो. बॅटवाल्याच्या मागे उकिडवं बसून समोरून येणारा चेंडू पकडायचा, एवढंच काम दिसतं लोकांना. त्यामागचं डोकं दिसत नाही.

यंदा वरून बोलावणं येणार. हे मी बायकोला, डार्लाला सांगितलं. ती म्हणाली, गेल्या वर्षीही येणार होतं. मी म्हणालो, गेल्या वर्षी तयारी नव्हती.

संकल्प केले आहेत. रोज सकाळी वीस मिनिटं गुडघ्यांचा व्यायाम. डोनट बंद. स्पॅनिश शिकायचं, कारण वर निम्मे पिचर, म्हणजे चेंडू फेकणारे, स्पॅनिश बोलतात. आणि ही डायरी रोज लिहायची, चुकवायची नाही.

९ एप्रिल
बर्फ पडला. मॅच रद्द. फरशी गार असताना गुडघे वाकवणं धोक्याचं, म्हणून व्यायाम नाही. मॅनेजर डॉब्रिक दोन खोकी डोनट घेऊन आला होता. माणसाने एवढ्या बर्फातून आणलेत आणि आपण नाही म्हणायचं, हे संघभावनेत बसत नाही. तीन.

२३ एप्रिल
मध्ये लिहायला जमलं नाही. एकाग्रता खेळावर होती.

आज डॉब्रिकने ऑफिसात बोलावलं आणि दार लावून घेतलं. दार तो फक्त दोनदा लावतो, वर पाठवताना किंवा घरी पाठवताना. मी उभा राहिलो. तो म्हणाला, बस रे, दार वाऱ्याने वाजतं म्हणून लावलं.

एलिसेओ ब्रितो नावाचा नवा कॅचर आलाय. एकवीस वर्षांचा, डोमिनिकन. हात तोफेसारखा, पण कुठला चेंडू कधी मागायचा याची अक्कल नाही. डॉब्रिक म्हणाला, हॉलिस, तू जरा याला घडव.

म्हणजे वरचे लोक माझं नेतृत्व तपासतायत. सरळ आहे.

१४ मे
ब्रितो आठवड्यातले पाच दिवस खेळतो, मी दोन. डॉब्रिकला कारण विचारलं. म्हणाला, तुझ्या गुडघ्यांना आराम. म्हणजे मला राखून ठेवलंय. दुकानदार चांगला माल मागच्या फळीवर ठेवतो, तसं.

बॅटिंग: दर दहा वेळा दोन हिट. त्यातला एक समोरच्याच्या चुकीने. पण मी जोरात मारलेले कितीतरी चेंडू थेट त्यांच्या हातात जातायत. हे आकड्यांत दिसत नाही.

ब्रितोला रोज तासभर शिकवतो. बॅटवाल्याचे पाय बघ, चेहरा बघू नको, असं सांगितलं. त्याने वहीत लिहून घेतलं. याआधी माझं बोलणं कोणी लिहून घेतलेलं नाही. डार्लाने तर नाहीच.

२ जून, रविवार
ब्रितो मला ‘अबुएलो’ म्हणतो. त्याचं बघून आता सगळा संघ म्हणतो. गुरू, उस्ताद असा काहीतरी अर्थ असावा. म्हणणाऱ्याच्या आवाजात आदर जाणवतो. आज मैदानावरच्या लाउडस्पीकरवरही तसंच नाव पुकारलं. मी टोपी काढून लोकांना दाखवली. बरेच जण हसले, प्रेमाने.

३ जून
डार्ला लायब्ररीत नोकरी करते. तिने येताना स्पॅनिश डिक्शनरी आणली. अबुएलो म्हणजे आजोबा.

त्यांच्याकडे आजोबांना फार मान असतो म्हणे. स्पॅनिशचा अभ्यास सध्या थांबवतोय.

२१ जून, शुक्रवार. सकाळी १०
मोठी बातमी. वरच्या कॅचरचा अंगठा मोडला. त्याच्यासाठी वाईट वाटलं, साधारण एक मिनिट.

बॅग भरली. डार्लाने दोन शर्ट इस्त्री केले. तिला म्हणालो, आता मोठ्या शहरात जायचं, मनाची तयारी कर. तिने फक्त इस्त्री फिरवली. बारा वर्षांत अकरा घरं बदलली आहेत तिने, तिला सवय आहे. नेब्रास्काला आईला फोन केला. न्हाव्यालाही सांगितलं, तिथे कटिंगला गेलोच होतो.

संध्याकाळी ५
अकरा वाजता डॉब्रिकचा फोन आला. म्हणाला, हॉलिस, तुझी पिकअप चालू आहे ना? मी म्हणालो, चालू आहे, पण मला विमानतळावर डार्ला सोडेल. तो म्हणाला, ब्रितोला सोडायचंय. त्याच्याकडे गाडी नाही.

माझी भरलेली बॅग मागच्या सीटवरच होती. ब्रितोने विचारलं, तुम्ही कुठे निघालात? मी म्हणालो, धुवायचे कपडे आहेत.

पोरगं घाबरलं होतं. सारखं पँटला हात पुसत होतं. म्हणालं, वरचे पिचर माझ्या बापाच्या वयाचे आहेत, माझं ऐकतील का? मी म्हणालो, हे बघ, मैदानात नऊ जण असतात. आठ जण एकीकडे तोंड करून उभे असतात, तू एकटा त्यांच्याकडे तोंड करून बसतोस. म्हणजे सगळ्यांना दिसतोस फक्त तू. तू घाबरलास तर आठ जण घाबरतात. म्हणून घाबरलास तरी मास्कच्या आत घाबर. तो म्हणाला, हे वहीत लिहिलेलं नाही. मी म्हणालो, हे मलाही आत्ताच सुचलं.

उतरताना त्याने मला मिठी मारली. मग वही सीटवर विसरला म्हणून धावत परत आला.

आईचा फोनवर निरोप होता. शेजाऱ्यांनी केक आणलाय म्हणे. परत फोन केला नाही. तिची लाइन बिझी असणार.

२२ जून
शांतपणे विचार केला. ब्रितोला आधी पाठवणं ही वरच्यांची हुशारी आहे. कच्चा माणूस पाठवायचा, तो पडला की अनुभवी माणसाची किंमत कळते. मी जवळजवळ खूश आहे.

आता इथे मी रोज खेळतो. व्यायाम सोमवारपासून.

११ ऑगस्ट, रविवार
ब्रितो पडला नाही. आठवड्यातून चार मॅच खेळतोय. आज पेपरात त्याची मुलाखत आली. म्हणाला, मला जे काही येतं ते वॉटकिन्स फेरीतल्या माझ्या कोचने शिकवलं.

कोच. पहिल्यांदा मला छपाईची चूक वाटली. डॉब्रिकला वाटलं, हे त्याच्याबद्दलच आहे. त्याने कात्रण ऑफिसच्या दारावर चिकटवलंय आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून दाखवतो. मी त्याला तसंच वाटू दिलं. माणसाला आनंदाची संधी कमी मिळते.

नंतर तोच म्हणाला, हॉलिस, पुढच्या वर्षी खरंच कोच होतोस का? पोरं ऐकतात तुझं. मी म्हणालो, डॉब्रिक, मी खेळाडू आहे. तो म्हणाला, हो रे, मला माहीत आहे. पण हे त्याने गुडघ्यांकडे बघत म्हटलं.

घरी डार्लाला हा किस्सा विनोद म्हणून सांगितला. ती हसली नाही. तिने विचारलं, मग काय सांगितलंस? मी म्हणालो, नाही. ती बरं म्हणाली आणि भांडी घासायला घेतली. घासलेलीच भांडी होती. लोकस्ट स्ट्रीटवरचं एक पिवळं घर विकायला आहे, तिथे ती मुद्दाम गाडी हळू करते. मला कळत नाही असं तिला वाटतं.

१९ ऑगस्ट
गेल्या बावीस वेळा एकही हिट नाही. कारण सापडलं आहे. उभं राहताना डावा पाय दोन इंच पुढे पडतो. उद्या दुरुस्त करतो.

२० ऑगस्ट
दुरुस्त केला. सव्वीस. आता उजव्या पायावर संशय आहे.

३ सप्टेंबर, मंगळवार
सीझन काल संपला. सकाळी लॉकर रिकामा करत होतो. डॉब्रिक आला, म्हणाला, बॅग भर. मी म्हणालो, तेच चाललंय. तो म्हणाला, ती नाही, प्रवासाची. विमानतळावर जायचंय. मी किल्ल्या काढल्या आणि विचारलं, कोणाला सोडायचंय?

तो म्हणाला, तुला. सप्टेंबरात वर जादा माणसं ठेवता येतात. त्यांना तिसरा कॅचर पाहिजे.

मी बाकावर बसलो. डॉब्रिकही बसला. त्याने एकोणीस वर्षं खालच्या, मायनर लीगमध्ये काढली, वर तो एकदाही गेला नाही. तो म्हणाला, तिकडे टॉवेल मऊ असतात म्हणे, बघून सांग.

डार्ला लायब्ररीत पुस्तकं लावत होती. सांगितलं तर हातातली पुस्तकं तशीच धरून रडायला लागली. मी म्हणालो, एप्रिलमध्येच म्हणालो होतो. ती म्हणाली, आज तेवढं गप्प बस ना, हॉलिस.

५ सप्टेंबर
टॉवेल मऊ आहेत. डॉब्रिकला कळवलं.

मैदान तीन मजली. माझ्या शर्टावर आडनाव छापलंय, Pruett मधला एक टी गळलाय, पण लांबून कळत नाही. ब्रितोने हाताला धरून सगळ्यांशी ओळख करून दिली. काम सध्या एकच, मैदानाच्या कडेला बदली पिचरांचे हात गरम करून द्यायचे. दिवसाला शंभरएक चेंडू पकडतो. जबाबदारीचं आहे.

२२ सप्टेंबर
अजून खेळवलं नाही. मला झाकून ठेवलंय, समोरच्या संघांना माझा अंदाज लागू नये म्हणून. इथला मॅनेजर मला दोनदा ‘हॅरिस’ म्हणाला. हाही त्याचाच भाग असावा.

२८ सप्टेंबर, शनिवार
डार्ला आणि आई आल्या. आईने नेब्रास्काहून शेजाऱ्यांची दुर्बीण आणलीय. खेळवलं नाही. आईने तीन तास मला दुर्बिणीतून बाकावर बघितलं. म्हणाली, तू छान ताठ बसला होतास.

२९ सप्टेंबर, रविवार
शेवटचा दिवस. नीट लिहितो.

आम्ही अकरा-दोनने मागे. शेवटचा डाव. ब्रितो मॅनेजरच्या कानाशी जाऊन काहीतरी बोलला. मॅनेजर माझ्याकडे बघून म्हणाला, हॅरिस, जा. मी गेलो.

पिचरही नवाच, परवा वर आलेला. त्याचा पहिला चेंडू माझ्या दोन पायांमधून मागे गेला. मी उठून मागे धावलो. स्टँडमधून टाळ्या ऐकू आल्या. एकटीच बाई होती. मी एवढ्या जोरात धावलो म्हणजे काहीतरी मोठं केलं असणार, असं आईला वाटलं.

मग पिचरकडे चालत गेलो. त्याने विचारलं, तुम्ही कोण? मी म्हणालो, कॅचर. त्याला ते पटलं. मी म्हणालो, बाकी कोणाकडे बघू नकोस, फक्त माझ्या ग्लोव्हकडे फेक, पुढचं मी बघतो. तीन बॅटवाले आले, तिघंही बाद. पायांवरून ओळखलं त्यांना. त्या दहा मिनिटांत गुडघे दुखले का, मला आठवत नाही.

मग आमची बॅटिंग. दोघं बाद, तिसरा गेला की सगळं संपणार. एक खेळत होता, त्याच्यानंतर मी. हेल्मेट घालून, बॅट घेऊन वाट बघत उभा राहिलो. तो टिकला असता तर मी. त्याने पहिलाच चेंडू उंच उडवला. खूप उंच. खाली माणूस उभा होता. झेलला.

सीझन संपला. लोक सामान आवरायला लागले. मी थोडा वेळ तसाच उभा होतो. ब्रितोने येऊन माझ्या हातातली बॅट घेतली.

माझं मेजर लीगचं रेकॉर्ड: मॅच एक, बॅटिंग शून्य, हिट शून्य. म्हणजे वर मला एकदाही कोणी बाद करू शकलेलं नाही.

७ ऑक्टोबर
क्लबचं पत्र. करार संपला, पुढे वाढवत नाही, सेवेबद्दल आभार. पत्रात नावाला दोन्ही टी आहेत. दुसऱ्या क्लबांच्या फोनची वाट बघतोय. एक मॅच खेळलेला माणूस आहे म्हटल्यावर येतील.

२१ ऑक्टोबर, सोमवार
डॉब्रिकचा फोन. बाकी कोणाचा आला नाही. म्हणाला, कोचची जागा अजून रिकामी आहे, पण आज नाव कळवायचंय. मी म्हणालो, विचार करून सांगतो. तो बरं म्हणाला आणि ठेवायला लागला. मी म्हणालो, थांब, केला विचार. हो म्हणून सांग.

डार्ला ओट्याशी उभी होती, सगळं ऐकत होती. तिने विचारलं, म्हणजे आता खेळणं संपलं? मी म्हणालो, संपलं असं अजून कोणीही म्हटलेलं नाही.

ती माझ्यासमोर येऊन बसली. म्हणाली, मग मी म्हणते. संपलं.

मग ती उठली, दोन कप कॉफी ओतली आणि माझा कप माझ्यापुढे सरकवला. आम्ही प्यायलो.