पाचव्या शीलापाशी

सक्करदरा, नागपूर
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

चि. धम्मानंद यास,
रवीदादाचा सप्रेम जय भीम.

पत्र लिहिण्यास कारण की... बघ, पेन हातात आलं की बडे बाबू जागे होतात. पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात तेहतीस वर्षं टिपणं लिहिली, ती सवय सुटत नाही. सगळ्यांनाच सुधारून ठेवायची माझी खोड तुला नवीन नाही.

इकडे सर्व ठीक. तुझी, तुळसाची, पोरांची तब्येत बरी असेल. लेक दीक्षा बंगळुरूला मजेत आहे. तिचा मुलगा शाळेत जातो, व्हिडिओ कॉलवर मला बुटाची लेस बांधून दाखवतो. मोरीच्या नळाचं वायसर गेलं आहे, दिवसभर टपकतो. अंगणातला गोडलिंब तुझी भावनावहिनी गेल्यापासून नुसता माजला आहे. पानं तोडणारं कोणी नाही, आणि एकट्याच्या वरणाला चार पानं पुरतात.

फोन दोनदा लावला, तू उचलला नाहीस. उचलला असतास तरी मी 'काय गा, कसा आहेस' याच्या पुढे गेलो नसतो. सक्करदऱ्यापासून तुझी वाडी काही विलायतेत नाही, तरी पत्रच लिहितो आहे.

एक बातमी आहे. घाबरू नको, आता मी ठणठणीत आहे.

गेल्या रविवारी पौर्णिमा होती. पावसाळ्यातल्या वर्षावासात दर पौर्णिमेला मी अष्टशील घेतो, म्हणजे दुपारी बारानंतर अन्नाचा कण नाही. भंतेजींनी विहारात सगळ्यांसमोर सांगितलं होतं, 'शुगरवाल्यांनी हे करू नका, आजारी माणसाला सूट आहे.' मला चार वर्षांपासून शुगर आहे, पण सूट घेईन तो मी कसला! संध्याकाळी जेवलो नाही. गोळी मात्र घेतली, कारण डॉक्टरनं लिहून दिलेली गोळी चुकवणं माझ्या तत्त्वात बसत नाही. सकाळी उठून दुसरी घेतली आणि तसाच रिकाम्या पोटी तलावाकडे फिरायला निघालो. दोन्हीकडचे नियम काटेकोर पाळले, अक्कल तेवढी घरी ठेवली.

तलावापाशी पोचलो आणि दरदरून घाम फुटला. पाय एकीकडे, मी एकीकडे. बाकाला धरून उभा राहिलो. 'पाणी' म्हणायचं होतं, तोंडातून भलतंच निघत होतं. दोघं जण फिरायला आलेले. एक म्हणाला, "काय काका, सकाळी सकाळीच?" दुसरा म्हणाला, "रातचीच उतरली नसन गा." हसले आणि गेले. एका बाईनं नाकाला पदर लावला. मला पाहून, धम्मा! मी ओरडून सांगायला गेलो तर आणखीच बरळलो. मग उजवा हात गळाला, उजवा पाय गेला, आणि मी बाकाखाली.

तिथे यमुताई म्हणून एक बाई हातगाडीवर कारल्याचा, आवळ्याचा रस विकते. तिचे गिलास मला कधी स्वच्छ वाटले नाहीत म्हणून मी तिच्याकडे कधी गेलो नाही. ती धावत आली, खाली बसली, माझ्या तोंडाशी नाक नेऊन वास घेतला आणि जमलेल्यांवर ओरडली, "पेला-बिला काही नाही हा माणूस! तोंड वाकडं होऊन राहिलं त्याचं, दिसत नाही काय? ऑटो थांबवा!"

दवाखान्यात सगळे म्हणाले, लकवा. मला ऐकू येत होतं, बोलता येत नव्हतं. डोक्याचा फोटो काढायची तयारी चालली होती. तेवढ्यात गार्गी नावाच्या डॉक्टर पोरीनं बोटाला सुई टोचून साखर पाहिली. एकोणतीस! शिरेतून ग्लुकोज दिलं, आणि दहा मिनिटांत माझी करंगळी हलली. मग मूठ वळली. दुपारी त्याच हातानं मी कागदावर सही केली.

ती म्हणाली, "काका, साखर फार उतरली की कधीकधी हुबेहूब लकव्यासारखं होते. वेळेवर आणलं म्हणून वाचले तुम्ही. काही जणांले तं लोक दारू पेला समजून तसंच टाकून देतात."

मी भिंतीकडे तोंड फिरवलं. तिला वाटलं, सलाईनची सुई दुखते आहे.

आणि तेव्हा मला कळलं, दीक्षाच्या लग्नात तुझं काय झालं होतं ते.

हे वाक्य लिहून मी उठलो. फिका चहा केला. नळ टपकत होता, तो ऐकत बसलो. परत येऊन वाचलं. वाक्य खोटं आहे. खोडत नाही. तुझा दादा अजूनही कसा निसटायला बघतो ते तुला दिसू दे.

आधी लग्नाचं लिहितो. तुला सगळं ठाऊक आहे, पण माझ्या तोंडून ते कधी निघालेलं नाही. मे महिना, अंगाची लाही लाही. पोरीकडचे आपण, म्हणून पाहुणे जेवल्याशिवाय घरच्यानं घास घ्यायचा नाही, हा दंडक माझा. तू पहाटेपासून पाण्याच्या कॅन, कूलर, खुर्च्या ओढत होतास. सकाळी इन्सुलिन टोचून घेतलं होतंस आणि दुपारचे तीन वाजले तरी पोटात काही नव्हतं. भावना तुझ्यासाठी ताट घेऊन निघाली होती. ते मी परत पाठवलं. "आधी वऱ्हाडी," म्हणालो.

मग पंचशील म्हणायला तुला माईकवर बोलावलं, कारण घरात आवाज तुझाच. चार शीलं नीट झाली. पाचव्यापाशी, नेमकं दारू न पिण्याच्या शीलापाशी, तुझी जीभ अडखळली. पुन्हा म्हटलंस, पुन्हा बरळलास, डुललास. मांडवात कोणीतरी हसलं. ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनातले तुझे जुने पिण्याचे दिवस सगळ्यांना माहीत होते. ते सोडून तुला एकवीस वर्षं झाली होती, हे मला माहीत होतं. तरी दोनशे माणसांसमोर मी तुझ्या कानाखाली वाजवली. तू म्हणालास, "दादा, मी पेलो नाही गा." तीनदा म्हणालास. मी तुला कॉलर धरून गेटबाहेर काढलं.

तू माझ्या हातात होतास, धम्मा. वाकून वास घ्यायचा होता फक्त. त्या रसवालीले जे सुचलं, ते मले काहून नाही सुचलं?

आता हे ऑफिसातलं मराठी राहू दे. खरं ते पुढंच आहे.

त्याच संध्याकाळी तुळसानं भावनाले फोन केला. तू दवाखान्यात आहेस, साखर एकतीस निघाली, डावा हात हलून नाही राहिला. दीक्षाची पाठवणी झाली होती, मी मांडवात खुर्च्या मोजत होतो. भावनानं येऊन सगळं सांगितलं. मले त्याच संध्याकाळी समजलं होतं गा. सहा वर्षांआधी. भावना म्हणे, "चला, आत्ता जाऊ." मी म्हटलं, उद्या. उद्या आला तं म्हटलं, लोकांले काय सांगू? दोनशे लोकांसमोर मारलं, तं चूक झाली हे बी दोनशे लोकांसमोर सांगा लागन. ते जमलं नाही मले. मंग जो विचारे त्याले सांगत गेलो, 'धम्मा पुन्हा प्याले लागला.' खोटं हाय हे माहीत असून सांगत गेलो.

भावनानं त्या दिवसापासून माझ्यासोबत बसून जेवण केलं नाही. मले वाढायची, अन् आपलं ताट घेऊन आत जायची. चार वर्षं. मरेपर्यंत. तिच्या अंत्यविधीले तू आला होतास, घाटाच्या फाटकापाशी उभा होतास. मी पाहिलं होतं तुले. तुले वाटलं असन, पाहिलं नाही.

लय लाज वाटून राहिली, धम्मा. घरात बोलाले कोणी नाही, म्हणून ही लाज दिवसभर माझ्यासंगच राहते.

७ ऑक्टोबरले अश्विन पौर्णिमा आहे, विहारात वर्षावासाचा समारोप. लग्नाले आलेले बहुतेक सगळे तिथं हजर राहतात. भंतेजींले विचारलं मी. माईकवर उभा राहून सांगणार आहे, की माझा भाऊ त्या दिवशी पेला नव्हता आणि मले ते माहीत होतं. तू आला तरी सांगीन, नाही आला तरी सांगीन. आलास तं राहिलेलं पाचवं शील तू म्हण. त्या दिवशी मी अष्टशील घेत नाही. दुपारचं जेवण दोघांचं करून ठेवतो. आधी तुले वाढीन.

आणखी एक. दवाखान्यातून सुटी देताना विचारलं, 'जवळचं कोण? नंबर सांगा.' दीक्षाचा सांगितला. ती हजार किलोमीटरवर. याच शहरातला एक नंबर पाठ होता, पण तो सांगाचा हक्क नव्हता मले. डॉक्टर पोरीनं खिशात एक कार्ड ठेवाले सांगितलं आहे. मी दोन बनवले. दोन्हीवर पहिली ओळ एकच: 'हा माणूस प्यालेला नाही. याला शुगरचा आजार आहे. लगेच दवाखान्यात न्या आणि या नंबरवर फोन करा.'

दोन्ही सोबत पाठवतो. तुझ्या कार्डावर माझा नंबर लिहिला आहे. माझ्या कार्डावर नंबराची जागा कोरी आहे. तुझा नंबर लिहावासा वाटला तं लिहून परत पाठव. नाही वाटला तं कोरंच पाठव. मी ते तसंच खिशात ठेवीन.

तुळसाले सांगावंसं वाटलं तं माझा जय भीम सांग. ज्या उजव्या हातानं तुले मारलं, तोच हात गेल्या सोमवारी गेला होता. परत आला, त्यानंच हे लिहिलं. वर सवयीनं रवीदादा लिहून गेलो. खाली नुसतं नाव लिहितो. त्यापुढे दादा लावायचं का नाही, ते तू ठरव.

तुझा,
रवींद्र