शेंडेनक्षत्राची धूळ

प्रिय विश्वेश,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे ठणठणीत आहेत. फोनवर माझी जीभ ताब्यात राहत नाही हे तुला ठाऊकच आहे, म्हणून लिहायला बसलोय. परवा तू बंगळुरूला गेलास तो पीएच.डी. अर्धवट सोडून कायमचं नाशिकला यायचं ठरवूनच. "बाबा, मीही गंगेच्या घाटावर बसतो तुमच्याजवळ," म्हणालास. पिढ्यान्‌पिढ्यांचं पौरोहित्य पुढे चालणार म्हणून मी हरखून गेलो, खोटं कशाला बोलू! आईने मात्र तुझ्या चेहऱ्याकडे एकदा बघितलं आणि ती आत निघून गेली.

त्याच दुपारी, तू निघण्याआधी, मी सहज विचारलं, की इतकी वर्षं तू त्या शेंडेनक्षत्रांत शोधत काय होतास. तू राजगिऱ्याचा लाडू फोडून त्याचा एक वेडावाकडा तुकडा माझ्यापुढे ठेवलास. धूमकेतूची धूळ अशी असते म्हणालास, बारीक कण कसेबसे चिकटून झालेली. सूर्याजवळ आली की तिच्यावर ऊन पडतं. तुकडा वाकडा, त्यामुळे उन्हाचा रेटा एका अंगाला किंचित जास्त बसतो आणि तो फिरायला लागतो. रेटा थांबत नाही, गिरकी वाढत जाते, आणि शेवटी तो आपल्याच गिरकीने फुटतो. "कुणी आपटत नाही बाबा, नुसतं ऊन," म्हणत तू टिचकीने तो असा गरागरा फिरवलास की राजगिरा पार देवघरापर्यंत उडाला. आई ओरडली, आपण हसलो, आणि हसता हसता तू खाली बसून एकेक दाणा वेचायला लागलास. तेव्हाही मला काही उमगलं नाही.

उमगलं काल. कळवणचे एक यजमान वडिलांच्या वर्षश्राद्धाला आले होते. म्हणाले, "गुरुजी, मुलगा काय गोड बोलतो हो तुमचा! कधीही फोन करा, तिथी सांगतो, साहित्याची यादी सांगतो." मी चाट पडलो. त्यांनी खिशातून माझंच कार्ड काढलं, 'ढुंढिराज व सुपुत्र', आणि खाली तुझा मोबाइल नंबर! तू कॉलेजात असताना मी हौसेने छापून घेतली होती ती. अजून प्रत्येक यजमानाच्या हातात एक देतो, वर "पुढच्या वेळी हाच बसेल" असंही सांगतो. घरी येऊन तुझ्या आईला विचारलं, तर तिला सगळं माहीत. रोज दहा-बारा फोन. कुणी वाकडं बोलत नाही, सगळे आपले अहोजाहो करून "गुरुजी, गंगेवर कधी येताय?" एवढंच विचारतात. त्यात भर म्हणून सकाळी माझा फोन, "आज गर्दी होती रे, दोन हात कमी पडले." सहा वर्षं नुसतं ऊन! आणि मी समजत होतो, आपण पोराला कधी कसली सक्ती केली नाही.

तू एकदाही माझ्यावर चिडला नाहीस, एकाही यजमानाला तोडून बोलला नाहीस. त्या कळवणच्या माणसाचे वडील गेले त्या दिवशी तू काम बाजूला ठेवून अर्धा तास त्याच्याशी बोललास म्हणे. सांगताना त्याचे डोळे भरून आले, माझेही आले. विश्वेश, माझ्यावर तुझे उपकार आहेत रे. बापाने मुलाला हे सांगायला लाजू नये.

कार्डं मी रद्दीत टाकली. गंगेवर माझ्याजवळ मृण्मयी बसेल. तुझ्या काकांची लेक, मुलगी असली म्हणून काय झालं, तिचे उच्चार तुझ्यापेक्षा स्वच्छ आहेत. लोक नाकं मुरडतील, मुरडू देत. आता तुझं काम. संशोधन सोडत असल्याचा अर्ज कधी द्यायचा, तेवढा चांगला दिवस पंचांगात बघून कळवा, असं तू निघताना सांगून गेला होतास. त्यासाठीच हे पत्र. पस्तीस वर्षं मी लोकांना मुहूर्त काढून देतोय. आज पंचांग पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बारकाईने पाहिलं. एकही दिवस नाही.

तुझाच,
बाबा