गोळ्यांच्या डब्याची किल्ली

आज दिनांक ९ फेब्रुवारी २०२५, सकाळचे साडेदहा. सकाळची गोळी पत्नी वर्षाराणी हिच्या हातून घेतली आहे, डोके साफ आहे. मी सत्यम पिराजी बिरादार, वय २७, धंदा बोअरच्या मोटारी काढणे-बसवणे, राहणार निलंगा, कोणाच्या दबावाशिवाय स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो.

मागच्या महिन्यात कंबरदुखीच्या दोन जादा गोळ्या घेऊन झोपलो आणि श्वास अडकू लागला. वर्षाराणीने हलवून उठवले, रिक्षात घालून दवाखान्यात नेले. म्हणून या वयात हा मृत्युपत्राचा कागद.

१. पत्र्याच्या दोन खोल्या व पोस्टातील शिल्लक वर्षाराणीस. आई साखराबाई त्याच घरात राहील. तिला कोणी जा म्हणू नये.

२. मोटार वर ओढायची तीन पायांची तिकटी, चेन पुली व पाने भागीदार चंद्रप्पास. चार वर्षांपूर्वी बोअरमधून मोटार काढताना पाईप निसटून माझ्या कमरेवर बसला, तेव्हा तो समोर होता. तरी पुढे गोळ्यांनी माझा झोक जाऊ लागला, तेव्हा मी पितो, असे त्याने गिऱ्हाइकांना सांगितले. मी दारूला शिवलो नाही. त्याने हे खोडून काढावे अशी अट नाही, इच्छा आहे.

३. मी गेल्यास दुखण्याचे नाटक होते असे म्हणू नये. लातूरच्या डॉक्टरांनी विचारले, “कंबर दुखत नसेल तेव्हाही गोळी घेता का?” मी हो म्हणालो. वेळ टळली की घाम, जांभया, नाकाला पाणी, हाताला थरथर. दुखणे खरे आहे आणि गोळीची सवयही लागली आहे, दोन्हींवर उपचार करू, असे ते म्हणाले. रागावले नाहीत. गोळी एकदम बंद करायची नाही, हळूहळू कमी करायची. कमरेला दुसरे औषध व व्यायाम. डबा कुलपात, किल्ली घरातल्या एकाकडे.

४. ती किल्ली वर्षाराणीकडे राहील, आईकडे नाही. आई आपल्या गुडघ्यासाठी म्हणून मेडिकलवरून गोळ्या आणते आणि मला देते. त्या रात्रीच्या दोनही तिनेच मायेने दिल्या होत्या. दोष म्हणून लिहीत नाही.

हे कलम तिला वाचून दाखवले. ती म्हणाली, “म्या तुझी दुश्मन हाय का रं?” मग म्हणाली, “राती कण्हायला लागलास, तर म्या काय करू?”

डॉक्टरांनी सांगितले तेवढे लिहितो. शेक द्यावा, वर्षाराणीला उठवावे, जवळ बसावे. गोळी देऊ नये, मी पाया पडलो तरी.

खाडाखोड एक, कलम ४ मध्ये. तेथे सही केली आहे.

सही : सत्यम पिराजी बिरादार
साक्षीदार : १. शरणप्पा मलप्पा स्वामी २. उमादेवी पंचाक्षरी स्वामी
कलम ४ ऐकले : साखराबाई, डाव्या हाताचा अंगठा
स्थळ : निलंगा, जि. लातूर